कॉर्नरला उभा असलेला पोरगा आधी कुठे खेळायचा?

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा मिरजेचा, गेली १८ वर्षं अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नावाच्या गावात राहतो. तुमचा पेपर रोज सकाळी चहासोबत फोनवर वाचतो आणि खरं सांगायचं तर पहिलं पान नंतर, क्रीडा पान आधी. सुपर बोलच्या, म्हणजे इथल्या लीगच्या फायनलच्या, वेळी तुम्ही अमेरिकन फुटबॉलवर अर्धं पान दिलंत त्याचा मनापासून आनंद झाला, कारण मराठीत या खेळाबद्दल लिहिणारं फारसं कोणी नाही आणि जे येतं ते हाफ टाइमला कोण गाणार याच्यापुढे जात नाही. पण त्याच लेखात एक वाक्य होतं की या खेळात आक्रमण म्हणजे डोक्याचं काम आणि बचाव म्हणजे अंगातल्या ताकदीचं काम. ते वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. हाच समज इथल्या आपल्या मराठी आईबापांमध्येही आहे, दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझाही होता आणि त्यापायी मी माझ्या पोराला विनाकारण त्रास दिला, म्हणून हे पत्र लिहितोय.

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ११ विरुद्ध ११, ज्यांच्याकडे बॉल त्यांना ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर परत ४ प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा. आणि बॉलचा ताबा बदलला की आक्रमणाचे ११ च्या ११ बाहेर जातात, बचावाचे ११ आत येतात. आपल्या फुटबॉलसारखं तेच गडी पुढे आणि तेच मागे असं नाही, वेगळी माणसं, वेगळा कोच, मीटिंगची खोलीसुद्धा वेगळी. बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक, पळत जाऊन झेलणारा रिसीव्हर, बॉल पोटाशी धरून घुसणारा रनिंग बॅक. यांच्या विरुद्ध बाजूला रिसीव्हरला चिकटून राहणारा कॉर्नरबॅक, सगळ्यात मागे उभा राहून सगळं बघणारा सेफ्टी, मधल्या फळीत लाइनबॅकर आणि पुढच्या फळीत क्वार्टरबॅकवर तुटून पडणारे धिप्पाड लोक.

ही दोन वेगळ्या टीमची पद्धत पहिल्यापासून नव्हती. एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, १९५० पासून हवे तेवढे खेळाडू हवे तेव्हा बदलायची कायमची मोकळीक मिळाली, त्याआधी बरेचसे गडी दोन्हीकडे खेळायचे. मोठ्यांच्या खेळातून ती पद्धत गेली पण शाळेत, म्हणजे नववी ते बारावीच्या हायस्कूलमध्ये, ती आजही जिवंत आहे, खास करून छोट्या गावांत. पोरंच मोजकी असतात त्यामुळे जो चांगला तो मैदानातून बाहेरच येत नाही. टेक्सासच्या अगदी लहान शाळांमध्ये तर सहा-सहा जणांचं फुटबॉल खेळतात, ते १९३४ साली नेब्रास्कात एका शिक्षकानं काढलं होतं कारण मंदीत शाळांना ११ पोरं जमवणं मुश्किल झालं होतं. मैदान ८० यार्डांचं आणि सहाच्या सहा जणांना बॉल झेलायची परवानगी. एकदा कामानिमित्त अॅबिलीनकडे जाताना संध्याकाळी एक अशी मॅच बघायला थांबलो होतो, एक किडकिडीत पोरगा बॉल फेकत होता, तोच नंतर मागे उभा राहून समोरच्यांचा बॉल अडवत होता, तोच किक मारत होता, आणि मध्ये मध्ये कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. त्याच्या गावात त्याच्याइतका चांगला दुसरा कोणी नव्हता एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. प्रत्येक गावातला कोच काय करतो, तर सगळ्यात चपळ, सगळ्यात हुशार, दबावात न गडबडणारा जो पोरगा आहे त्याच्या हातात बॉल देतो. म्हणजे तो क्वार्टरबॅक होतो किंवा रनिंग बॅक होतो. मग मोठं कॉलेज येतं आणि अशी २५ गावांतली २५ पोरं गोळा करतं, प्रत्येक जण आपापल्या गावचा हिरो. पण क्वार्टरबॅक एका वेळी एकच खेळतो ना! मग बाकीच्यांचं काय करायचं? त्यांना कॉर्नरला, सेफ्टीला, लाइनबॅकरला नेतात. म्हणजे कॉलेजच्या आणि एनएफएलच्या बचावात जी माणसं दिसतात त्यांच्यातले कितीतरी जण शाळेत आक्रमणाचा कणा होते. ज्यांना कोणी घेतलं नाही ते बचावात जातात असं नाही हो, उलटं आहे सगळं.

नावं घेऊनच सांगतो. डीऑन सँडर्स, ज्याला जगातला सर्वोत्तम कॉर्नरबॅक म्हणणारे लाखो लोक आहेत, तो फ्लोरिडात नॉर्थ फोर्ट मायर्सच्या शाळेत क्वार्टरबॅक होता. चॅम्प बेली जॉर्जियातल्या फोकस्टन नावाच्या छोट्या गावात क्वार्टरबॅकही खेळला आणि रनिंग बॅकही, पुढे २००६ च्या एका सीझनमध्ये डेन्व्हरसाठी त्यानं कॉर्नरवरून १० इंटरसेप्शन काढली, इंटरसेप्शन म्हणजे समोरच्याचा पास मध्येच झेलून पळवणं. ट्रॉय पोलामालू, तो लांब केसांचा पिट्सबर्गचा सेफ्टी, शाळेत ऑरेगनला रनिंग बॅक होता. जॉन लिंच शाळेत क्वार्टरबॅक, स्टॅनफर्डला गेला तोही क्वार्टरबॅक म्हणूनच, तिथे त्याचा सेफ्टी केला आणि २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मान यादीत, गेला. त्याच २०२१ च्या यादीत चार्ल्स वुडसनही होता. हा वुडसन ओहायोतल्या फ्रीमाँटच्या शाळेत रनिंग बॅक, १९९४ साली ओहायो राज्याचा मिस्टर फुटबॉल, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम शाळकरी खेळाडू, आणि मिशिगन विद्यापीठात जाऊन कॉर्नरबॅक झाला. १९९७ मध्ये त्याला हाइझमन ट्रॉफी मिळाली, ती कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला देतात आणि ती जवळजवळ दर वर्षी आक्रमणवाल्यांनाच जाते, त्या वर्षी दुसरा कोण होता तर पेटन मॅनिंग. म्हणजे क्वार्टरबॅकच्या खानदानात जन्मलेल्या मॅनिंगला मागे टाकून एका कॉर्नरबॅकनं ती नेली. मुख्यतः बचावात खेळून ती मिळवणारा तोच पहिला.

आणि याहून जुनी गोष्ट बघा, डिक लेन, ज्याला नाइट ट्रेन म्हणायचे. १९५२ मध्ये तो लॉस एंजेलिस रॅम्सकडे आला तो रिसीव्हर व्हायला. तिथे रिसीव्हर म्हणून आधीच मोठं नाव होतं, टॉम फिअर्स, मग याला बचावात टाकला. पहिल्याच सीझनमध्ये पठ्ठ्यानं १२ मॅचमध्ये १४ इंटरसेप्शन काढली. आता सीझन १७ मॅचचा झाला, पास फेकायचं प्रमाण कितीतरी वाढलं, तरी तो आकडा अजून कोणाला मोडता आलेला नाही. ७० पेक्षा जास्त वर्षं झाली!

इथे स्टँडमध्ये बसलेली मंडळी एक वाक्य हमखास टाकतात, की ज्याला कॅच जमत नाही त्याला कॉर्नरला टाकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पटलंही होतं. मग मी रिचर्ड शर्मनच्या मॅच बघितल्या आणि माझं मत पार बदललं. कॉम्प्टनचा हा पोरगा स्टॅनफर्डला गेला तो रिसीव्हर म्हणून, पहिल्या वर्षापासून तिथे पास झेलत होता, मध्ये गुडघा दुखावला आणि त्यानंतर तो कॉर्नरबॅक झाला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम आळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात त्यात, पाचव्या राउंडपर्यंत त्याला कोणी विचारलं नाही, १५४ व्या नंबरला सिअॅटल सीहॉक्सनं घेतला. आणि १९ जानेवारी २०१४ ची ती मॅच, सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध, जिंकणारा सुपर बोलला जाणार. सिअॅटल २३, सॅन फ्रान्सिस्को १७, शेवटचं अर्धं मिनिट उरलेलं, बॉल शर्मनच्या बाजूच्या कोपऱ्यात उंच फेकला, रिसीव्हर क्रॅबट्री. मी ती क्लिप निदान ५० वेळा थांबवून थांबवून बघितली असेल. त्या क्षणी बहुतेक बचावपटू रिसीव्हरकडे बघत राहतात, त्याचे हात वर गेले की आपले हात घालतात. शर्मन बघा काय करतो, पळता पळता मान वळवतो, बॉल हवेत असतानाच तो बॉलचा होऊन जातो, रिसीव्हर जसा खांद्यावरून बॉल शोधतो अगदी तसा, मग उडी, हात पूर्ण ताणलेला, आणि बॉलला बोटांनी असा मारतो की तो मैदानाबाहेर न जाता आत मागून येणाऱ्या माल्कम स्मिथच्या हातात पडतो. मॅच तिथेच संपली. दोन आठवड्यांनी सीहॉक्सनी सुपर बोल ४३-८ असा जिंकला, आणि सामनावीर झाला हाच माल्कम स्मिथ. समोरच्या सॅन फ्रान्सिस्कोचा कोच कोण होता माहितीये, जिम हार्बॉ, म्हणजे शर्मनचा स्टॅनफर्डमधला कोच. ज्याच्या हाताखाली रिसीव्हरचा कॉर्नर झाला त्याच्याच टीमचा शेवटचा पास त्यानं हवेत मारला.

ही उडी ताकदीतून येत नाही. ती हजार वेळा तोच बॉल झेलायला पळाल्यातून येते.

दुसरं उदाहरण जे. जे. वॉटचं, आणि हे आम्हा टेक्सासवाल्यांच्या जिव्हाळ्याचं कारण तो ह्यूस्टनला खेळला. विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकीच्या शाळेत तो टाइट एंड खेळायचा, म्हणजे थोडं अडवायचं आणि थोडं झेलायचं अशी मधली जागा, आणि बचावातही. सेंट्रल मिशिगनला २००७ मध्ये टाइट एंड म्हणूनच खेळला. मग ते सगळं सोडून घरी आला, काही दिवस पिझ्झा हटची डिलिव्हरी केली, आणि विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कॉलरशिप नसताना स्वतःच्या खर्चानं दाखल झाला, तिथे तो पूर्णपणे बचावाचा झाला. २०१२, २०१४ आणि २०१५ असा ३ वेळा एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू. पण मला सांगायचीये ती ७ जानेवारी २०१२ ची गोष्ट, ह्यूस्टन टेक्सन्सची इतिहासातली पहिली प्लेऑफ म्हणजे बाद फेरीची मॅच, सिनसिनाटीच्या अँडी डॉल्टननं पास फेकला आणि त्याच्यापासून हाताच्या अंतरावर असलेल्या वॉटनं उडी मारून तो थोपवला नाही, चक्क झेलला, आणि २९ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. जवळजवळ १३० किलोचा माणूस, गोळीसारखा येणारा बॉल इतक्या जवळून हातात धरतो. पुढच्या फळीतले लोक बॉल हाताने उडवतात, धरत कोणी नाही. धरायची सवय टाइट एंडचीच. २०१४ मध्ये तर कोचनं त्याला मुद्दाम काही वेळा आक्रमणात उभा केला आणि त्यानं ३ टचडाउन झेलून दाखवले. त्याचा धाकटा भाऊ टी. जे. वॉट, तोसुद्धा विस्कॉन्सिनमध्ये टाइट एंड म्हणून सुरुवात करून लाइनबॅकर झालेला, आणि २०२१ मध्ये त्यानं एका सीझनमध्ये २२.५ सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकला पास फेकायच्या आधीच पाडणं, करून तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी केली.

आता माझ्या घरातलं सांगतो. माझा मुलगा दहावीत आहे. सातवीपासून रिसीव्हर खेळत होता, आठवीत त्याच्या टीमचा सगळ्यात जास्त कॅच घेणारा तोच होता. नववीत हायस्कूलला गेल्यावर ऑगस्टच्या प्रॅक्टिसला, इथे ऑगस्टमध्ये ३८-३९ डिग्री म्हणजे काहीच नाही, कोचनं तिसऱ्याच दिवशी त्याला बोलावलं आणि सांगितलं उद्यापासून कॉर्नरला उभा राहा. पोरगा घरी येऊन काही बोलला नाही, सरळ अंघोळीला गेला. मी मात्र पेटलो. मला वाटलं आपल्या पोराला बाजूला टाकलं. आम्ही त्याआधी सहा महिने एका खाजगी ट्रेनरकडे पैसे भरत होतो, त्यानं तर तोंडावर सांगितलं की बचावात गेला की व्हिडिओत दाखवायला काही राहत नाही, कॉलेजवाले बघणार नाहीत, कोचशी भांडा किंवा शाळा बदला. आणि मी खरंच कोचला लांबलचक ईमेल लिहिलं. पोराला न विचारता लिहिलं. कोचनं दोन ओळींत उत्तर दिलं की शनिवारी सकाळी या, बोलू.

त्या शनिवारी कोच मला मैदानाच्या कडेला घेऊन गेले, पांढऱ्या रेषेवर उभं केलं, समोर माझ्या पोराला रिसीव्हरच्या जागी उभा केला आणि म्हणाले की तू कॉर्नर, तो कुठे पळणार ते सांग. मला काय कळणार! मग त्यांनी पोराला आतल्या बाजूला तीन पावलं सरकवला आणि विचारलं, आता? परत काही नाही. मग त्यांनी पोरालाच विचारलं आणि पोरानं धडाधडा सांगितलं की इतका आत उभा राहिला तर बहुतेक बाहेरच्या बाजूला वळणार कारण बाहेर मोकळी जागा जास्त ठेवलीये, आणि रेषेजवळ लांब उभा राहिला तर आत तिरका येण्याची शक्यता जास्त, आणि पहिली चार पावलं पूर्ण वेगात असली आणि हात जोरात हलत असले तर लांबचा पळ, हात मंदावले छाती वर आली की तो थांबणार. हे त्याला कोणी कॉर्नर म्हणून शिकवलं नव्हतं. तो स्वतः दोन वर्षं ते करत आला होता. कोच एवढंच म्हणाले की मला वेगानं पळणारी पोरं दरवर्षी मिळतात, हे असलेलं पोर चार वर्षांत एकदा मिळतं. माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

त्या रात्री जेवताना पोरगा खुलला. ताटातल्या वाट्या बाजूला काढल्या, आमटीची वाटी रिसीव्हर, दह्याची वाटी सेफ्टी, चमचा म्हणजे तो स्वतः. "बाबा, डोळ्यात बघायचं नाही, डोळे खोटं बोलतात, कमरेकडे बघायचं, कंबर वळल्याशिवाय माणूस वळू शकत नाही," असं म्हणून आमटीची वाटी अशी सर्रकन फिरवली की टेबलक्लॉथवर सांडली, बायको ओरडली, पण तो थांबला नाही, पुढचे पाऊण तास आमच्या टेबलावर मॅच चालू होती. आठवीत कॅच घेऊन आला की तो स्कोअर सांगायचा. खेळ पहिल्यांदा समजावून सांगितला तो कॉर्नर झाल्यावर.

आणि मग मला माझं स्वतःचं आठवलं, जे मी सपशेल विसरलो होतो. मी मिरजेत शाळेत असताना खो-खो खेळायचो. पळतीत बरा होतो, दीड-दोन मिनिटं सहज काढायचो, आणि पाटीत बसायचा मला भयंकर कंटाळा. आमच्या सरांनी एका उन्हाळ्यात आम्हा पळतीवाल्या चौघांना पूर्ण महिनाभर फक्त पाटीत बसवलं. नुसतं बसायचं, खो मिळाला की उठायचं आणि मारायला धावायचं. आम्ही रडकुंडीला आलो होतो. पण त्या महिन्यानंतर माझी पळती कितीतरी सुधारली, कारण मला अंगात भिनलं होतं की मारणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, खांबापर्यंत जायचं किंवा खो द्यायचा, आणि खो द्यायच्या आधी त्याचा खांदा आणि पाऊल कसं तयार होतं हे मी स्वतः शेकडो वेळा केलेलं. मग पळताना मी त्याच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून ओळखायचो. खो-खोत प्रत्येकाला दोन्ही करावं लागतं, हा आपल्या मातीतल्या खेळाचा केवढा मोठा गुण आहे. कबड्डीतही कोपऱ्यातला चांगला पकड करणारा चढाईवाल्याचा पाय बोनसला कधी उचलणार हे ओळखतो, आणि असे कितीतरी पकडवाले शाळेच्या टीममध्ये चढाया केलेले असतात. हे आपल्याला माहीत असलेलंच आहे. मग अमेरिकन फुटबॉलचं लिहिताना आपण ते का विसरतो?

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. दोन्हीकडे खेळणं पोरांच्या अंगावर येतं. दमलेलं पोर मान खाली घालून टॅकल करतं, म्हणजे समोरच्याला धरून पाडतं, आणि तिथेच डोक्याला मानेला लागतं, म्हणून आमच्याकडच्या मोठ्या शाळांमध्ये, जिथे एकेका टीममध्ये शंभराच्या आसपास पोरं असतात, दोन्हीकडे खेळवत नाहीत, आणि मला ते बरोबर वाटतं. ट्रॅव्हिस हंटर सारखे अपवादच, जॉर्जियातल्या कॉलिन्स हिल शाळेपासून तो रिसीव्हर आणि कॉर्नर दोन्ही, कोलोराडोत डीऑन सँडर्सच्याच हाताखाली दोन्ही, २०२४ ला हाइझमन, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम रिसीव्हरचं आणि सर्वोत्तम बचावपटूचं अशी दोन्ही बक्षिसं एकट्याला. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरला गेला. त्याला बघून प्रत्येकानं आपल्या पोराला दोन्हीकडे पळवायला लागू नये. माझं म्हणणं एका वेळी दोन्ही असं नाहीच, माझं म्हणणं आयुष्यात दोन्ही. सातवीत एक, दहावीत दुसरं, कॉलेजात अजून तिसरं. ब्रायन अर्लॅकर न्यू मेक्सिकोतल्या लव्हिंग्टनच्या शाळेत रिसीव्हर होता, कॉलेजात सेफ्टीसारखी जागा खेळला, आणि शिकागोत जाऊन मिडल लाइनबॅकर म्हणून हॉल ऑफ फेमला गेला. तीन जागा! दहाव्या वर्षी जर कोणी त्याच्या कपाळावर शिक्का मारून टाकला असता तर?

आणि तो शिक्का मारायची घाई आता वाढतच चाललीये. इथे १० वर्षांच्या पोरांचे क्वार्टरबॅकचे क्लासेस आहेत, फक्त क्वार्टरबॅकचे, बाराही महिने. आपल्याकडे क्रिकेटच्या कोचिंगलाही तेच चाललेलं ऐकतो, फॉर्म भरतानाच विचारतात बॅट्समन का बॉलर. आमच्या मंडळातल्या दोन आईबापांनी पोरांना कोचनं बचावात टाकलं म्हणून फुटबॉलच सोडायला लावलं. पोरं नाराज आहेत, एक तर अजून गुरुवारी माझ्या मुलाच्या ज्युनिअर टीमची मॅच बघायला येऊन कंपाउंडच्या जाळीला धरून उभा राहतो. त्या पोराकडे बघून माझ्या पोटात तुटतं. त्याच्या बाबांशी मी बोललो, अजून बोलणार आहे.

आपला या खेळाशी अगदीच संबंध नाही असंही नाही. ज्याचे वडील भारतीय तो ब्रँडन चिल्लार ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला, २०१० च्या सीझनच्या सुपर बोल विजेत्या टीममध्ये होता, आणि तो कुठला, तर बचावातला, लाइनबॅकर. भारतात २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉलची लीग सुरू झाली होती तेव्हा पुणे मराठाज नावाची टीमही होती, किती जणांना आठवतं कोण जाणे. आता पुण्यामुंबईची पोरंही हा खेळ यूट्यूबवर बघतात आणि मला मेसेज करून नियम विचारतात, माझे दोन भाचे त्यातलेच. ती सगळी क्वार्टरबॅकची नावं पाठ करून बसलीयेत. बचावातलं एक नाव विचारलं की गप्प.

म्हणून संपादक साहेब, एक विनंती. पुढच्या सुपर बोलला जेव्हा पान लावाल तेव्हा दोन्ही टीमच्या बचावातल्या ११ जणांची नावं छापा आणि प्रत्येकाच्या पुढे तो शाळेत कुठल्या जागी खेळायचा ते लिहा. फार काम नाही, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर खेळाडूची माहिती असते, त्यात शाळेतलं सगळं दिलेलं असतं. तुमच्याकडे माणूस नसेल तर मी काढून देतो, फुकट देतो, माझा मुलगा मदत करेल. त्यानं आत्ताच डॅलस काउबॉइजच्या जुन्या बचावपटूंची वही करायला घेतलीये, पहिलं नाव त्यानं मायका पार्सन्सचं लिहिलंय, आणि पुढे मराठीत, त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: हॅरिसबर्गची शाळा, रनिंग बॅक.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
फ्रिस्को, टेक्सास (मूळ मिरज, जि. सांगली)